बाप मोजायचा की आई? दोन कायद्यांच्या फटीत पडलेली लेकरं

२०१७ साली लंडनच्या उच्च न्यायालयात एका सहा वर्षांच्या मुलीचा खटला उभा राहिला. निकालपत्रात तिचं नाव नाही, फक्त दोन अक्षरं आहेत. जन्म नोव्हेंबर २०१० चा, इंग्लंडमधला. आईबाप दोघंही भारतीय. प्रश्न एकच होता, ही पोरगी कोणत्या देशाची?

ब्रिटिश सरकारचं म्हणणं, आईबाप भारतीय आहेत, म्हणजे तिला भारताचं नागरिकत्व मिळू शकतं, त्यांनी जाऊन नाव नोंदवावं. भारताचा कायदा म्हणतो, नाव नोंदवलेलं नाही, म्हणजे ती आज तरी आमची नागरिक नाही. आणि इंग्लंडात जन्मली म्हणून ती इंग्लंडची, असंही नाही.

तुम्ही म्हणाल, भारतीय आईबापाची पोर भारतीय, यात विचारायचं काय? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. बातमीदारीत रेशनकार्ड, सातबारा, जातीचे दाखले यांवर पुष्कळ लिहिलं. पण नागरिकत्व हा कागद लागतो कुठे, या समजुतीत आपण सगळेच असतो. तो लागतो. आणि ज्या लेकराच्या आईबापांचं लग्न झालेलं नाही त्याला जरा जास्तच लागतो. त्याचा इतिहास आज सांगायचा आहे. पोस्ट लांब आहे, पण ज्यांची पोरं शिकायला किंवा कामाला बाहेर गेली आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

माती लग्नाचा दाखला मागत नाही

१६०८ साली इंग्लंडमध्ये एक गाजलेला खटला झाला, केल्व्हिनचा खटला म्हणतात त्याला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या एका लहान मुलाला इंग्लंडात जमीन धारण करता येईल का, असा वाद होता. न्यायाधीशांनी ठरवलं, जो राजाच्या भूमीवर जन्मला तो राजाचा प्रजाजन. त्यातून जन्मभूमीचं तत्त्व पक्कं झालं आणि इंग्रजी कायद्यात ते पुढे पावणेचारशे वर्षं टिकलं. इंग्रजांबरोबर ते आपल्याकडेही आलं.

या तत्त्वात एक मोठी सोय होती आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. मूल कुठे जन्मलं एवढंच विचारायचं. बाप कोण, आई कोण, त्यांचं लग्न झालं का, ही चौकशीच नाही. त्याच इंग्रजी कायद्यात लग्नाबाहेर जन्मलेलं मूल वारशासाठी 'कोणाचंच नाही' असं धरलं जायचं. बापाची जमीन त्याला नाही, बापाचं नावही नाही. पण देश मात्र होता. घराने नाकारलेल्या लेकराला मातीने नाकारलं नव्हतं.

आपली घटना लिहिली जात होती तेव्हा हा विषय जोरात गाजला. ऑगस्ट १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी नागरिकत्वाचं कलम संविधान सभेत मांडलं, तेव्हाच सांगून टाकलं, की एखाद-दुसरं कलम सोडलं तर या कलमाइतकी डोकेदुखी मसुदा समितीला दुसऱ्या कशानेच झाली नाही. फाळणी नुकतीच झालेली, लाखो माणसं इकडून तिकडे आलेली-गेलेली, त्यात कोण आपलं हे ठरवायचं होतं.

आणि या कलमावर तुटून पडले ते आपल्या अमरावतीचे भाऊसाहेब, डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांचा आक्षेप असा, की अशाने भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल. त्यांनी उदाहरणही दिलं. एखादं परदेशी जोडपं विमानाने चाललंय, विमान मुंबईत दोन तास थांबलं, तेवढ्यात बाई बाळंत झाली, तर ते मूल भारतीय होणार का? हिंदू किंवा शीख असलेल्या आणि दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व द्यावं, अशी दुरुस्तीही त्यांनी सुचवली होती. सभेने ती फेटाळली. भाऊसाहेबांचं शिक्षणातलं आणि शेतीतलं काम आपल्या भागाला माहीत आहे, हे भाषण मात्र कमी लोकांना माहीत आहे. ते वाचण्यासारखं आहे, कारण विमानतळावरच्या त्या काल्पनिक बाळाची भीती पुढे कायद्यात शिरली. संसदेत पोचायला तिला सदतीस वर्षं लागली, एवढंच.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याने त्या वेळी तरी मातीचीच बाजू घेतली. २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेला प्रत्येक जण भारतीय. परकीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं आणि शत्रूच्या ताब्यातल्या भागात शत्रूच्या पोटी जन्मलेली मुलं, एवढेच अपवाद.

मग दोन्ही देश रक्त तपासायला लागले

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडिज इथून माणसं कामाला गेली. गिरण्या, बसगाड्या, दवाखाने त्यांनी चालवले. मग तिथल्या राजकारणात 'फार झाले' हा सूर वाढला. १९८१ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला आणि जन्मभूमीचं ते जुनं तत्त्व संपलं. आता ब्रिटनमध्ये जन्मून भागत नव्हतं. आई किंवा बाप ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायमच्या वास्तव्याचा हक्क असलेला हवा.

आपल्याकडे आसाम आंदोलन झालं, १९८५ चा करार झाला. त्यानंतर कायदा बदलला. १ जुलै १९८७ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचा आईबापांपैकी एक तरी भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी कडक झालं. दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको.

कारणं वेगळी, देश वेगळे, दिशा एकच. मातीकडून रक्ताकडे. आणि रक्त तपासायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतोच, कोणाचं रक्त? बापाचं की आईचं? तिथे लग्न मध्ये आलं.

ब्रिटनने १९८१ च्या कायद्यात आई मोजली, बापही मोजला, पण बापाला एक अट घातली. लग्न झालेलं नसेल तर नागरिकत्वापुरता तो बाप नाहीच. जन्मदाखल्यावर नाव असो, तो पोर सांभाळत असो, कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. १९८७ साली इंग्लंडने वारसा वगैरे बाबतीत लग्नाबाहेरच्या मुलांवरचा बराचसा अन्याय दूर केला. नागरिकत्वाचा तेवढा ठेवला.

भारताने काय केलं होतं? बाहेर जन्मलेल्या मुलासाठी आपल्या १९५५ च्या कायद्यात शब्द होता 'पिता'. बाप भारतीय असेल तर मूल भारतीय. आई भारतीय असून उपयोग नाही. हे १० डिसेंबर १९९२ ला बदललं आणि तिथून पुढे जन्मलेल्यांसाठी आई मोजली जाऊ लागली.

आता हे दोन कायदे शेजारी ठेवा. १९८६ साल समजा. लंडनमध्ये एक भारतीय मुलगी, कायमच्या वास्तव्याचा हक्क नसलेली. बाप ब्रिटिश नागरिक. लग्न नाही. मूल जन्मलं. ब्रिटन म्हणतं, लग्न नाही म्हणून बाप मोजत नाही, आणि आईकडे हक्क नाही. भारत म्हणतो, आम्ही आई मोजतच नाही, आणि बाप भारतीय नाही. झालं. एक देश बापाला ओळखत नाही, दुसरा आईला ओळखत नाही. दोन जिवंत पालक, दोन मोठे देश, आणि मूल एकाचंही नाही.

असं जवळजवळ दहा वर्षं होऊ शकत होतं. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं. लंडनमध्ये कायदा लिहिणाऱ्याने दिल्लीचा पाहिला नाही, दिल्लीवाल्याने लंडनचा पाहिला नाही. शेताच्या दोन धुऱ्यांमध्ये जी पट्टी राहते ती कोणाच्याच सातबाऱ्यावर येत नाही, तसं झालं.

१९९२ नंतर मिटलं का? नाही

१९९२ ला आपण आई मोजायला लागलो. पण ३ डिसेंबर २००४ पासून नवी अट आली. भारताबाहेर जन्मलेलं मूल आपोआप भारतीय होणार नाही. जन्मानंतर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद हवी. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी हवी. शिवाय मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यायचं.

तिकडे ब्रिटनने लग्नाची अट काढली ती १ जुलै २००६ ला, आणि तीही त्या दिवसापासून जन्मणाऱ्यांसाठी. म्हणजे डिसेंबर २००४ ते जून २००६ हे एकोणीस महिने पुन्हा पट्टीत गेले. बाप भारतीय, ब्रिटनमध्ये कायमचा वसलेला. आई भारतीय, शिकायला आलेली. लग्न झालेलं असतं तर मूल जन्मतः ब्रिटिश. लग्न नाही आणि वकिलातीत नोंदही नाही, तर मूल कुठलंच नाही. त्याच बापाच्या २००६ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या दुसऱ्या मुलाला जन्मतः ब्रिटिश नागरिकत्व. भावंडांमध्ये फरक काय? तारखेचा.

त्या आधीच्या मुलांना अर्ज करून नागरिकत्व मिळण्याची तरतूद ब्रिटनने केली, ती लागू झाली एप्रिल २०१५ मध्ये. १९८३ साली जन्मलेलं मूल तोवर बत्तीस वर्षांचं झालं होतं.

हे आपल्या गावापर्यंत कसं येतं

काही महिन्यांपूर्वी तालुक्यातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. मुलगा इंग्लंडला शिकायला गेला, तिथे एका भारतीय मुलीबरोबर राहू लागला. लग्न केलं नाही. दोघांच्या व्हिसाची मुदत संपली. लेकरू झालं. ही गोष्ट मावशींना कळली तेव्हा नात पावणेदोन वर्षांची होती.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. मले नात पाह्याची आहे. ते इकडं कशी येईल?"

येणार कशी? पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही कारण वकिलातीत नोंद नाही. नोंद का केली नाही, याची दोन कारणं निघाली. एक म्हणजे नोंदीसाठी घरून कागद मागवावे लागतील, मग घरी कळेल, याची पोराला भीती. दुसरं, तिथल्या एका एजंटाने त्यांना सांगितलं, की लग्नाचा दाखला नसेल तर भारत मूल घेतच नाही.

हे साफ खोटं आहे. आपल्या कायद्याच्या चौथ्या कलमात आज शब्द आहेत त्यांचा अर्थ एवढाच, की आईबापांपैकी कोणीही एक मुलाच्या जन्मावेळी भारतीय नागरिक हवा. लग्न झालेलं हवं असं तिथे लिहिलेलं नाही. म्हणजे कायद्याने दार बंद केलं नव्हतं. लाजेने केलं, आणि चुकीच्या सल्ल्याने कडी घातली. तेवढ्यात वर्ष गेलं.

मी त्या पोराशी फोनवर बोललो. त्याने आता मुदतीनंतरच्या नोंदीसाठी अर्ज केला आहे, तिथल्या एका वकिलाचा सल्लाही घेतो आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मावशी दर आठवड्याला विचारतात.

पाच वर्षांची खिडकी

आता पुन्हा त्या सहा वर्षांच्या मुलीकडे येऊ. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यात एक खिडकी ठेवलेली होती. ती ठेवावी लागली, कारण राज्यविहीन माणसांची संख्या कमी करण्याच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराला ब्रिटनने मान्यता दिली होती. खिडकी अशी, की ब्रिटनमध्ये जन्मलेलं आणि जन्मापासून कोणत्याच देशाचं नसलेलं मूल तिथे सलग पाच वर्षं राहिलं, तर अर्ज करून नागरिक होऊ शकतं. आईबापांचा व्हिसा वैध आहे का, हे विचारायचं नाही. लग्न झालंय का, हेही नाही. आधी मूल निदान दहा वर्षांचं असण्याची अट होती, २००२ च्या कायद्याने ती गेली.

सरकारचा युक्तिवाद होता, की जिला सहज भारतीय होता येतं तिला राज्यविहीन कसं म्हणायचं? न्यायालयाने सरळ कायदा वाचला. नागरिक आहे आणि नागरिक होऊ शकते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्ष उलटल्यावर नोंद हा हक्क राहत नाही, भारत सरकारच्या परवानगीवर अवलंबून राहतो. म्हणून आज ती राज्यविहीन आहे आणि खिडकी तिच्यासाठी उघडी आहे. न्यायाधीशांनी हेही लिहिलं, की याचा गैरफायदा घेता येईल हे उघड आहे, पण त्यावर काय करायचं ते संसदेने बघावं.

संसदेने बघितलं. २०२२ च्या कायद्याने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी नवी अट घातली. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व या मुलाला वाजवी प्रयत्नाने मिळू शकत नाही, अशी सरकारची खात्री पटली पाहिजे. म्हणजे खिडकी आहे, पण पुढे जाळी बसवली.

ब्रिटनचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे, असं मी म्हणणार नाही. काही आईबाप मुद्दाम नोंद करत नसतील, पाच वर्षं वाट बघत असतील. पण त्या डावात पणाला काय लागतं ते बघा. पाच वर्षं लेकराकडे पासपोर्ट नाही. आजी आजारी पडली तर येता येत नाही. देशाबाहेर काढायचं म्हटलं तर कुठे पाठवायचं हे कोणाला माहीत नाही. आईबापांच्या चलाखीची किंवा भीतीची शिक्षा मुलाला देणं न्यायाचं नाही, लंडनमध्येही नाही आणि दिल्लीतही नाही.

आपल्या अंगणात

दिल्लीचं नाव घेतलं ते मुद्दाम. ब्रिटनकडे निदान खिडकी आहे. आपल्याकडे ती नाहीच. १९६१ च्या त्या करारावर भारताची सही नाही. भारतात जन्मलेलं मूल कोणत्याच देशाचं नसेल तर त्याला आपोआप किंवा हक्काने नागरिकत्व देणारं कलम आपल्या कायद्यात नाही.

श्रीलंकेतून पळून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या छावण्या तामिळनाडूत आजही आहेत. मंडपमच्या छावणीत १९८६ साली जन्मलेल्या एका बाईला भारतीय पासपोर्ट द्या, असं मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं. कारण जन्म १ जुलै १९८७ च्या आधीचा. त्याच छावणीत त्याच आईबापांना १९८८ साली मूल झालं असतं, तर त्याला हा मार्ग नसता. इथेही फरक तारखेचाच.

आणि लग्नाबाहेरच्या मुलाचं आपल्याकडे काय? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की बापाच्या नावाशिवाय जन्मदाखला द्यायचा. फार मोठा निकाल. पण नागरिकत्वाच्या कायद्यात २००४ ची अट तशीच आहे. एक पालक भारतीय असेल तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसला पाहिजे. बाप कोण हेच सांगता येत नसेल, तर तो तसा नव्हता हे कोणी आणि कसं सिद्ध करायचं? कायदा यावर गप्प आहे. आणि कायदा गप्प असला की निर्णय टेबलावरचा साहेब घेतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मला भाऊसाहेबांच्या विमानतळावरच्या बाळाबद्दल नेहमी एक वाटतं. नागरिकत्व स्वस्त होऊ नये ही काळजी रास्त होती, त्या काळात तर होतीच. पण ते बाळ भारतीय झालं असतं तर देशाचं नेमकं काय गेलं असतं, याचा हिशोब कोणी मांडला नाही. ते कोणाचंच झालं नाही तर त्या बाळाचं काय जातं, याचा हिशोब मात्र मांडता येतो. शाळेचा फॉर्म, पासपोर्ट, मत, नोकरी, आणि आजीचं घर.

आता कामाचं

ज्यांचं कोणी बाहेर आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. मूल परदेशात जन्मलं तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करा. आईबापांपैकी एक भारतीय असणं पुरेसं आहे, कायद्यात लग्नाची अट नाही. वर्ष उलटलं असेल तरी अर्ज करता येतो, फक्त सरकारची परवानगी लागते आणि वेळ जातो. ब्रिटनमध्ये जन्मून पहिली दहा वर्षं तिथेच राहिलेल्या मुलाला अर्जाने ब्रिटिश नागरिक होण्याचा वेगळा हक्क आहे, आईबापांचे कागद कसेही असोत. आणि एजंटाच्या तोंडी सल्ल्यावर विसंबू नका, कलम दाखवायला सांगा.

शेवटचं घरच्यांसाठी. पोरांनी तुम्हाला विचारून संसार मांडला नसेल. राग येणारच, तो नंतर काढा. फोन आला तर आधी विचारा, लेकराची नोंद केली का? त्याला देश मिळण्यासाठी कायद्याने दिलेलं वर्ष एकच आहे, आणि ते तुमच्या अबोल्यात संपू देऊ नका.

ही पोस्ट ज्यांना लागू आहे ते स्वतःहून बोलणार नाहीत. म्हणून सगळ्यांपर्यंत पोचवा.